फाशीच्या शिक्षांची मोजदाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतात दरवर्षी किती जणांना फाशी सुनावली जाते, त्यातल्या किती जणांची ती टिकते आणि हे आकडे विश्वासाने कसे मोजायचे, याबद्दल पत्रकार, कायद्याचे विद्यार्थी आणि स्वतः नोंदी ठेवू पाहणारे वाचक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात गेला असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. "फाशीच्या शिक्षा मोजायच्या" म्हणजे नेमके काय मोजायचे?

आकडे चार आहेत आणि बहुतेक घोळ ते एकमेकांत मिसळल्यामुळे होतो. पहिला: वर्षभरात खालच्या न्यायालयांनी किती जणांना फाशी सुनावली. दुसरा: त्या वर्षी वरच्या न्यायालयांत किती जणांची फाशी कायम झाली, किती जणांची जन्मठेपेत बदलली, किती जण निर्दोष सुटले. तिसरा: एका ठरावीक दिवशी, बहुधा ३१ डिसेंबरला, फाशीची शिक्षा असलेले किती कैदी तुरुंगात होते. चौथा: प्रत्यक्षात किती जणांना फासावर चढवले.

अजमल कसाबचे उदाहरण घ्या. विशेष न्यायालयाने ६ मे २०१० रोजी फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने २१ फेब्रुवारी २०११ रोजी ती कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी अपील फेटाळले आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात अंमलबजावणी झाली. म्हणजे पहिल्या आकड्यात तो २०१० मध्ये येतो, दुसऱ्यात २०११ आणि २०१२ मध्ये, तिसऱ्यात २०१० आणि २०११ च्या अखेरीस, चौथ्यात २०१२ मध्ये. माणूस एकच. "यंदा इतक्या फाशी" असे लिहिताना चारपैकी कोणता आकडा ते सांगितले नाही, तर त्या वाक्याला अर्थच उरत नाही.

२. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली की ती पक्की झाली ना?

नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३६६ नुसार (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४०७) सत्र न्यायालयाला प्रत्येक फाशीचे प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवावेच लागते. आरोपीने अपील केले नाही तरीही. तिथे किमान दोन न्यायमूर्तींसमोर सुनावणी होते आणि पुष्टी मिळेपर्यंत शिक्षा अमलात आणता येत नाही. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयातले अपील, पुनर्विलोकन याचिका (२०१४ पासून ती खुल्या न्यायालयात ऐकली जाते), क्युरेटिव्ह याचिका (पुनर्विलोकनही फेटाळल्यावर त्याच न्यायालयात करता येणारी शेवटची याचिका) आणि राज्यपाल व राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज, इतके टप्पे उरतात.

या चाळणीतून फार थोडे शेवटपर्यंत जातात. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्यांची प्रकरणे वरच्या न्यायालयांत निकाली निघाली होती त्यांच्यापैकी जेमतेम ५ टक्के लोकांची फाशी टिकलेली दिसली. सुमारे ३० टक्के निर्दोष सुटले आणि बाकीच्यांची शिक्षा कमी झाली. म्हणून पहिल्या टप्प्याचा आकडा एकटा कधीही छापू नये.

३. तयार आकडे कुठे मिळतात?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा तुरुंगविषयक वार्षिक अहवाल हा सरकारी स्रोत. त्यात फाशीच्या कैद्यांची ३१ डिसेंबरची राज्यवार संख्या आणि वर्षभरात शिक्षा कमी झालेल्यांची संख्या असते. तो वर्षभर किंवा त्याहूनही उशिरा येतो. दुसरा स्रोत प्रोजेक्ट ३९ए या दिल्लीच्या त्याच विद्यापीठातून सुरू झालेल्या उपक्रमाची वार्षिक आकडेवारी. ती २०१६ पासूनच्या वर्षांसाठी आहे आणि प्रत्येक टप्पा वेगळा दाखवते. संसदेतल्या प्रश्नोत्तरांत आणि माहिती अधिकाराच्या उत्तरांतही आकडे सापडतात, पण ती उत्तरे बहुधा विभागाच्या अहवालावरच बेतलेली असतात. त्यांना स्वतंत्र पुरावा समजू नका.

४. सरकारी आकडा आणि प्रोजेक्ट ३९ए चा आकडा जुळत नाही. खरा कोणता?

दोघांची मोजण्याची रीत वेगळी आहे. सरकारी आकडा तुरुंगांनी राज्यामार्फत भरून पाठवलेल्या तक्त्यांवर उभा असतो. उच्च न्यायालयाने डिसेंबरात शिक्षा कमी केली आणि आदेश तुरुंगात जानेवारीत पोचला, तर ३१ डिसेंबरच्या तक्त्यात तो कैदी फाशीचाच राहतो. दुसरी यादी बातम्या आणि न्यायालयांच्या निकालांवरून माणसागणिक बांधली जाते. तिथे आदेशाची तारीख महत्त्वाची, पण बातमी न झालेले प्रकरण सुटण्याचा धोका असतो.

कल पाहायचा असेल तर एकच मालिका धरून बसा. २०१९ एकीतून आणि २०२० दुसरीतून घेऊन आलेख काढणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

५. माणसे मोजायची, खटले मोजायचे की शिक्षा?

माणसे. पण खटल्यांचा आकडा शेजारी हवाच.

"तिहेरी फाशी" अशी बातमी येते तेव्हा एका आरोपीला तीन आरोपांखाली स्वतंत्रपणे फाशी झालेली असते. ती एक नोंद. उलट एकाच निकालात अनेक माणसे असू शकतात. अहमदाबादच्या २००८ च्या बॉम्बस्फोट खटल्यात १८ फेब्रुवारी २०२२ रोजी एकाच दिवशी ३८ जणांना फाशी सुनावली गेली. प्रोजेक्ट ३९ए ने २०२२ साठी देशभराचा आकडा १६५ दिला होता, २०२१ साठी १४४. वाढ झाली असे वाटते. ते ३८ बाजूला ठेवले की २०२२ चे १२७ उरतात आणि वाढीची घट होते. खटल्यांचा रकाना नसेल तर हे कळायला मार्गच नाही.

६. स्वतःची नोंदवही बनवायची आहे. रकाने कोणते ठेवू?

दोन शीट ठेवा. एक माणसांची, एक घटनांची. सगळे एकाच ओळीत कोंबले की तिसऱ्या-चौथ्या आदेशाला जागा उरत नाही आणि लोक जुना मजकूर पुसून नवा लिहितात. तिथेच इतिहास हरवतो.

माणसांच्या शीटमध्ये: तुम्ही दिलेला कायमचा क्रमांक, नाव आणि त्याची वेगवेगळी लेखने, गुन्ह्याची तारीख, जिल्हा, पोलीस ठाणे व गुन्हा नोंद क्रमांक, सत्र खटल्याचा क्रमांक, सीएनआर क्रमांक (न्यायालयांच्या संगणकीय नोंदीत प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र क्रमांक), फाशी ज्या कलमाखाली झाली ते कलम, आणि सध्याची स्थिती. घटनांच्या शीटमध्ये: त्या माणसाचा क्रमांक, न्यायालय, खंडपीठ, प्रकरण क्रमांक, आदेशाची तारीख, परिणाम, आणि माहिती कशावरून घेतली (निकालपत्र, रोजनामा म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाची नोंद, की बातमी). बातमीवरून केलेली नोंद निकालपत्र हाती येईपर्यंत "तात्पुरती" ठेवा.

नावावरून माणसे जुळवू नका. "शेख", "सेख", "शैख" अशी एकाच माणसाची तीन लेखने तीन न्यायालयांत मिळतात, आणि एकाच नावाचे दोन आरोपी एकाच खटल्यातही असतात. पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक आणि वर्ष ही जोडणी सगळ्यात टिकाऊ. एका ओळीची चूक म्हणजे निर्दोष सुटलेल्या माणसाला आपल्या यादीत फाशीचा कैदी म्हणून ठेवणे, हे विसरू नये.

७. बातमी मिळाली. निकालपत्रापर्यंत कसे पोचायचे?

आधी शोधशब्द. मराठीत "फाशीची शिक्षा", "फाशी कायम", "मरेपर्यंत फाशी", "मृत्युदंड" यांनी बरेच सापडते. "फाशी द्या", "फाशीची मागणी" या मोर्चांच्या बातम्या आणि गळफासाच्या आत्महत्यांच्या बातम्या गाळाव्या लागतात. "मरेपर्यंत जन्मठेप" ही फाशी नव्हे. घाईत वाचताना ती हमखास चुकून नोंदली जाते.

मग जिल्हा न्यायालयाच्या संकेतस्थळावर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक शोधा. आरोपीच्या नावाने, पोलीस ठाणे व गुन्हा क्रमांकाने किंवा खटला क्रमांकाने तो मिळतो. निकालपत्र चढवलेले नसेल तर रोजनाम्यात निदान तारीख आणि निकालाचा सारांश असतो. पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) प्रकरणांत नावे झाकलेली असतात, कधी निकालपत्रच दिसत नाही.

यापुढची पायरी बरेच जण गाळतात आणि खरी पडताळणी तिच्यातच आहे. प्रश्न २ मध्ये सांगितल्याप्रमाणे सत्र न्यायालयाची प्रत्येक फाशी उच्च न्यायालयात जातेच, म्हणून तिथे तिचा स्वतंत्र प्रकार असतो. मुंबईत "कन्फर्मेशन केस", पाटणा आणि कोलकात्यात "डेथ रेफरन्स", पंजाब-हरियाणात "मर्डर रेफरन्स", मद्रासला "रेफर्ड ट्रायल", अलाहाबादला "कॅपिटल केस". हा प्रकार निवडायचा, वर्ष टाकायचे आणि क्रमांक १ पासून पुढे एकेक उघडत जायचे. क्रमांक संपले की त्या वर्षाची यादी पुरी. मुंबई उच्च न्यायालयात प्रत्येक खंडपीठ वेगळे शोधा, नाहीतर विदर्भ-मराठवाड्यातली प्रकरणे निसटतील. कोणत्याही वर्तमानपत्राने न छापलेली फाशी याच वाटेने सापडते. लक्षात ठेवा, अशा एका प्रकरण क्रमांकात अनेक कैदी असू शकतात आणि आरोपीच्या अपिलाचा क्रमांक वेगळा असतो.

८. उच्च न्यायालयाचा टप्पाच सापडत नाही. असे होऊ शकते का?

होय. टाडा या दहशतवादविरोधी जुन्या कायद्याखालच्या खटल्यांत अपील थेट सर्वोच्च न्यायालयात जाई. मुंबईच्या १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यात म्हणूनच विशेष न्यायालयानंतरची पुढची नोंद २१ मार्च २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची आहे. त्यात याकूब मेमनची फाशी कायम झाली आणि इतर दहा जणांची जन्मठेपेत बदलली. अशा ठिकाणी रकाना रिकामा न ठेवता "लागू नाही" लिहा. रिकामा रकाना म्हणजे "अजून शोधायचे आहे".

लष्करी न्यायालयांनी दिलेल्या शिक्षाही सत्र न्यायालयाच्या या वाटेने जात नाहीत. त्यांची गणना वेगळी ठेवा.

९. तारीख कोणती धरायची: दोषी ठरवल्याची की शिक्षा सुनावल्याची?

शिक्षा सुनावल्याची. दोषसिद्धीनंतर शिक्षेवर वेगळी सुनावणी घ्यावी लागते, त्यामुळे दोन्हींत काही दिवसांचे अंतर पडते. ३० डिसेंबरला दोषी आणि ३ जानेवारीला फाशी, असे झाले तर नोंद नव्या वर्षात. संकेतस्थळावर निकाल चढवल्याची तारीख कधीच धरू नका.

१०. मागच्या वर्षाचा छापलेला आकडा यंदाच्या अहवालात बदललेला दिसतो. का?

उशिरा सापडलेली प्रकरणे मागच्या वर्षात टाकली जातात. हा प्रामाणिकपणा आहे, चूक नव्हे. तुमच्या यादीतही आकड्याशेजारी "अमुक तारखेपर्यंतच्या माहितीनुसार" असे लिहा आणि जुनी प्रत जपून ठेवा.

११. वर्षअखेरीचा आकडा बरोबर आहे का, हे कसे तपासू?

जमाखर्चासारखे. मागील वर्षअखेरीचे कैदी, अधिक यंदा फाशी सुनावलेले, वजा यादीतून गेलेले (शिक्षा कमी, निर्दोष, फेरखटला, मृत्यू, दया, अंमलबजावणी), बरोबर यंदाच्या अखेरीचे.

प्रोजेक्ट ३९ए च्या प्रकाशित आकड्यांवर हे करून पाहा. २०२२ अखेर ५३९, २०२३ मध्ये नव्या शिक्षा १२०, अखेर ५६१. म्हणजे साधारण ९८ जण त्या वर्षी यादीतून गेले असले पाहिजेत. २०२४ मध्ये नव्या १३९, अखेर ५६४. म्हणजे सुमारे १३६. हे "गेलेले" तुमच्या घटनांच्या शीटमधून मोजा. फरक दोन-चारचा असेल तर तो बहुधा प्रश्न १० मधल्या दुरुस्तीचा. वीसचा असेल तर एखाद्या उच्च न्यायालयाचे निकाल तुमच्याकडून राहिले आहेत.

यातून आणखी एक गोष्ट दिसते. कैद्यांची संख्या वाढत जाण्याला नव्या शिक्षा जितक्या कारणीभूत, तितकेच अपिलांचे तुंबणे.

१२. फाशीची जन्मठेप झाली की ओळ काढून टाकायची का?

ओळ कधीच काढायची नाही, फक्त स्थिती बदलायची. शिवाय कोणती जन्मठेप ते लिहा. २००८ पासून सर्वोच्च न्यायालय फाशीऐवजी "२५ वर्षे" किंवा "३० वर्षे सूट न देता" अशी ठरावीक मुदतीची जन्मठेप देते आणि २०१५ मध्ये घटनापीठाने ती रीत मान्य केली. साध्या जन्मठेपेत निदान १४ वर्षांनी सुटकेचा विचार होऊ शकतो. दोन्हींना एकाच शब्दात बसवले तर माहितीचा अर्धा भाग गेला.

१३. वरच्या न्यायालयाने शिक्षा वाढवून फाशी दिली तर?

कमी वेळा होते, पण होते, आणि यादी तिथेच कोलमडते. नाशिक जिल्ह्यातील एका खटल्यात सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची कायम केली, तिघांची जन्मठेप केली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली. आणि २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने पुनर्विलोकनात सहाही जणांना निर्दोष सोडले. तीन माणसांसाठी स्थिती फाशी, जन्मठेप, फाशी, निर्दोष अशी फिरली. पहिल्या टप्प्याच्या आकड्यात ते २००६ मध्ये एकदाच येतात. २००९ ची नोंद "वरच्या न्यायालयाने दिलेली फाशी" या वेगळ्या परिणामाखाली करा, नव्या शिक्षांत मिळवू नका. घटनांची वेगळी शीट का हवी, हे या एका प्रकरणावरून पटावे.

१४. उच्च न्यायालयाने खटला पुन्हा चालवायला सांगितला आणि पुन्हा फाशी झाली, तर दोनदा मोजायचे?

माणूस एकच राहतो, क्रमांक तोच. फेरखटल्याचा आदेश झाला त्या दिवशी तो फाशीच्या कैद्यांतून बाहेर, नव्या निकालाच्या दिवशी पुन्हा आत. नव्या वर्षाच्या शिक्षांमध्ये ती मोजा, पण "फेरखटला" अशी खूण करा म्हणजे एकूण माणसे काढताना दुबार येणार नाही.

१५. अपील प्रलंबित असताना कैदी मरण पावला तर?

"तुरुंगात मृत्यू, अपील प्रलंबित" ही स्वतंत्र स्थिती आहे. तिला अंमलबजावणीत किंवा "शिक्षा कायम" मध्ये टाकू नका. मुंबईच्या ११ जुलै २००६ च्या रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यात विशेष न्यायालयाने ३० सप्टेंबर २०१५ रोजी पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. फाशीच्या पाचपैकी एकाचा २०२१ मध्ये तुरुंगात मृत्यू झाला. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले, म्हणजे त्या मृत कैद्यालाही. त्याच्या नावापुढे दोन घटना हव्यात: आधी मृत्यू, मग निर्दोष. यादीतून जाण्याचे वर्ष मात्र २०२१. पुढे सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असे सांगितले आहे. ते शेऱ्यात लिहा, स्थिती त्यामुळे बदलत नाही.

१६. गुन्ह्याच्या वेळी तो अल्पवयीन होता, असे वर्षानुवर्षांनी सिद्ध झाले तर?

"निर्दोष" लिहू नका, "शिक्षा कमी" ही लिहू नका. वयाचा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर, अगदी अपील संपल्यावरही काढता येतो. पुण्यातील १९९४ च्या हत्याकांडात फाशी झालेला एक कैदी गुन्ह्याच्या वेळी १२ वर्षांचा होता, हे २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. तोवर त्याने २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता. "अल्पवयीन ठरल्याने सुटका" हा रकाना लहान असेल, पण तो हवा.

१७. दयेचा अर्ज फेटाळला आणि डेथ वॉरंट निघाले. आता फाशी झाली असे धरू का?

नाही. दिल्लीच्या २०१२ च्या सामूहिक बलात्कार व हत्या प्रकरणात वॉरंट चार वेळा निघाले: २२ जानेवारी, १ फेब्रुवारी, ३ मार्च आणि २० मार्च २०२० साठी. चौथ्या तारखेला चौघांना तिहारमध्ये फाशी झाली. वॉरंटवर विसंबून नोंद केली असती तर तीन वेळा चुकली असती.

अर्ज फेटाळल्यानंतरही न्यायालयाची वाट उघडी असते. २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालाने दयेच्या अर्जावरचा अकारण विलंब हे शिक्षा कमी करण्याचे कारण मानले आणि एकाच दिवशी १५ जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली होती, राष्ट्रपतींनी २०१४ मध्ये अर्ज फेटाळला, आणि विलंबामुळे १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली.

१८. स्वातंत्र्यापासून एकूण किती जणांना फाशी झाली?

या शतकातला आकडा पक्का आहे. २००४ मध्ये एक, २०१२ मध्ये एक, २०१३ मध्ये एक, २०१५ मध्ये एक, २०२० मध्ये चार. एकूण आठ.

मागच्या काळाबद्दल मात्र पन्नास-पंचावन्न जणांना फाशी झाली असा आकडा बरीच वर्षे फिरत होता. तो साफ चुकीचा आहे. विधी आयोगाच्या १९६७ च्या ३५ व्या अहवालाच्या परिशिष्टात, पन्नासच्या दशकापासूनच्या साधारण दहा वर्षांतच १,४०० हून अधिक जणांना फाशी झाल्याच्या नोंदी आहेत. जुन्या तुरुंगांतील नोंदवह्या अनेक ठिकाणी उरलेल्या नाहीत. म्हणून एकूण आकड्याआधी "किमान" लिहावे.

१९. नव्या कायद्यांनी कलमे बदलली. जुन्या-नव्या नोंदी कशा जोडायच्या?

गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर भारतीय दंड संहिताच लागू, निकाल आज लागला तरी. त्या दिवसापासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागू. त्यामुळे अनेक वर्षे दोन्ही कलमे शेजारी दिसतील. मूळ कलम जसेच्या तसे लिहा आणि शेजारी गुन्ह्याच्या प्रकाराचा एक समान रकाना ठेवा: खून (दंड संहिता ३०२, न्याय संहिता १०३), दरोड्यासह खून (३९६, ३१० (३)), खंडणीसाठी अपहरण (३६४ए, १४० (२)), बारा वर्षांखालील मुलीवर बलात्कार (३७६एबी, ६५ (२)). तुलना या समान रकान्यावर करा.

२०. एखाद्या वर्षी शिक्षा कमी झाल्या म्हणजे न्यायालये मवाळ झाली का?

आधी कामकाज किती चालले ते पाहा. २०२० साठीचा पहिला प्रकाशित आकडा ७७ होता, आणि त्या वर्षी न्यायालये महिनोन्महिने बंद होती. मग कायदा बदलला का ते पाहा: २०१८ मध्ये दंड संहितेत आणि २०१९ मध्ये पोक्सोत लहान मुलांवरील लैंगिक अत्याचारासाठी फाशी आली. मग एखादा मोठा खटला आहे का (प्रश्न ५). हे तिन्ही तपासल्याशिवाय कारण सांगू नका. गुन्हे वाढले की घटले याच्याशी तर या आकड्याचा थेट संबंध नाही. आज सुनावलेली शिक्षा कित्येक वर्षांपूर्वीच्या गुन्ह्याची असते.

२१. इतर देशांशी तुलना करता येईल का?

ॲम्नेस्टी इंटरनॅशनल दरवर्षी जगाची आकडेवारी देते. त्यात देशाच्या आकड्यापुढे अधिक चिन्ह असेल तर "किमान इतके" असा अर्थ. २०२४ साठी त्यांनी १,५१८ अंमलबजावण्या नोंदवल्या, आणि त्यात चीन नाही, कारण तिथे हा आकडा सरकारी गुपित आहे. "जगात एकूण १,५१८" असे लिहिणे म्हणूनच चूक.

२२. यादी जाहीर करताना नावे द्यावीत का?

आकडे जाहीर करायला नावे लागत नाहीत. लैंगिक गुन्ह्यांत पीडितेची ओळख उघड करणे हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, पोक्सोचे कलम २३ ही तेच सांगते. नाव वगळणे पुरेसे नसते. आरोपी पीडितेचा नातेवाईक असेल तर आरोपीचे नाव, गाव आणि नाते एकत्र दिले की ती ओळखू येते. जाहीर प्रतीत अशा ओळींमध्ये जिल्हा, वर्ष आणि कलम एवढेच ठेवा. गाव, नाते आणि प्रकरण क्रमांक आपल्या प्रतीत राहू द्या. फाईल पाठवण्याआधी लपवलेले रकाने नुसते झाकलेले नाहीत, खरोखर काढले आहेत, हे उघडून पाहा.